नागप्पामामांनी धुतलेला फ्रीजर

मी एक जुना निरोप्या आहे. मित्रांनो, माझे नाव एरिथ्रोपोएटिन. म्हणताना जीभ अडखळली तर लाजू नका, भल्याभल्यांची अडखळते. तुमच्या मूत्रपिंडात माझे भाऊबंद तयार होतात आणि हाडांच्या आतल्या मगजाला निरोप देतात, ‘तांबड्या पेशी करा, रक्त कमी पडते आहे.’ मी मात्र माणसाच्या अंगात एक दिवसही राहिलो नाही. माझी घडण माणसाची, पण जन्म झाला कारखान्यातल्या पोलादी टाकीत, हॅमस्टर नावाच्या उंदरासारख्या प्राण्याच्या पेशींमध्ये. तिथून मला गाळले, सुकवले आणि बोटाच्या पेराएवढ्या नळीत घातले. मी इतका थोडा होतो की नळी रिकामीच दिसायची.

बर्फाच्या खोक्यात बसून मी सोलापूरच्या एका कॉलेजात आलो. तिथे मैंदर्गीची महेश्वरी रक्तावर संशोधन करत होती. बशीत तांबड्या पेशी कशा तयार होतात हे तिला पाहायचे होते, आणि त्या माझ्यावाचून तयार होत नाहीत. तिने मला विरघळवले आणि शेजारणींना विरजण द्यावे तसे दहा नळ्यांत थोडे थोडे वाटले. कारण पुन्हा पुन्हा गोठणे आणि वितळणे मला सोसत नाही. फ्रीजर बंद करू नये, अशी इंग्रजी चिठ्ठी तिने दारावर डकवली.

प्रयोगशाळेचे शिपाई नागप्पामामा. आधी वीस वर्षे टॉवेलच्या मागावर काम केलेले. पेशींसाठी कोणाचे तरी रक्त हवे होते, तेव्हा सगळ्यांना अचानक कामे आठवली. मामांनी बाही वर केली आणि एवढेच विचारले, “पिकल्या माणसाचं रगत चालतंय का, अक्का?”

त्यांच्या रक्तातल्या पेशी आठ दिवस बशीत वाढल्या. नवव्या दिवशी त्यांना माझा पुढचा घास द्यायचा होता, आणि नेमकी त्या दिवशी खंडेनवमी आली.

सोलापुरात त्या दिवशी माग धुऊनपुसून पुजतात. मामांचे हात स्वस्थ कसे बसतील? त्यांनी सकाळीच सूक्ष्मदर्शक पुसले आणि मग बर्फाने भरलेल्या फ्रीजरकडे वळले. बटण बंद केले, साबणाने घासून लखलखीत केला, दाराला कुंकवाचे बोट लावले, झेंडूची माळ घातली. आम्हा नळ्यांच्या पेटीला ऊन लागू नये म्हणून ती माठाच्या ओल्या फडक्यात गुंडाळून माठामागे ठेवली. मी वितळलो. त्या फडक्यात मला गारही वाटत होते आणि भीतीही वाटत होती.

दुपारी महेश्वरी आली. आधी तिला माळ दिसली, मग बंद बटण. दोन वर्षांच्या कामाचा हा शेवटचा प्रयोग होता. नवे पार्सल यायला दीड महिना, आणि पेशी दोन दिवसही थांबणार नव्हत्या. ती स्टुलावर मटकन बसली.

“काय चुकलं व्हय माजं?” मामा म्हणाले. “लई मायेनं धुतलं की.”

“मामा, दारावर चिठ्ठी होती की.”

“ती व्हय? इंग्रजी हाय ती. मला वाटलं, कंपनीचं नाव असंल.”

महेश्वरीने दारावरची चिठ्ठी पुन्हा एकदा वाचली. मग म्हणाली, “मग चूक माझी आहे, मामा. नळ्या कुठं ठेवल्या?”

फडके अजून गार होते. पुन्हा गोठवले असते, तर माझ्यात होता नव्हता तो जोरही गेला असता. तिने आम्हाला साध्या फ्रीजमध्ये ठेवले आणि लगेच एक नळी पेशींवर रिती केली. माझा निरोप पोचेल की नाही, हे मलाही ठाऊक नव्हते.

दसऱ्याच्या सुट्टीतही मामा सोने द्यायच्या निमित्ताने येऊन गेले. रोज विचारायचे, “जगतंय का माजं रगत?” कोजागिरीच्या सकाळी महेश्वरीने पेशी नळीत घालून यंत्रात गरगर फिरवल्या आणि नळी उजेडात धरली. तळाशी मोहरीएवढा ठिपका होता, लालभडक. ती हसली आणि रडलीही. मामांनी नळीला नमस्कार केला, मग माठालाही केला.

त्याला वर्ष झाले. मी दहाव्या नळीतला उरलेला थेंब आहे. अंगात जोर नाही, तरी महेश्वरी मला टाकत नाही. परवाच्या खंडेनवमीला मामांनी फ्रीजर बाहेरूनच पुसला. दारावर आता मराठी आणि कानडीत चिठ्ठी आहे. ती त्यांनी बोट फिरवत मोठ्याने वाचली, आणि चालू बटणाशेजारी कुंकू लावले.

मित्रांनो, मायेने काही करायला घ्याल तेव्हा आधी विचारा. आणि जपण्यासारखे काही असेल तर राखणाऱ्याला त्याच्या भाषेत सांगा. मी जन्माचा निरोप्या, पण माझ्याच दारावरचा निरोप मामांपर्यंत पोचला नव्हता.