निलंबनाची दोन वर्षे

कर सल्लागाराने छापलेला कागद टेबलावरून पुढे सरकवला आणि त्यावर पेन आडवं ठेवलं.

"काका, इथे तुमची सही. काकू, साक्षीदार म्हणून खाली तुमची."

पाणी खात्यातून निवृत्त झालेले मीटर तपासनीस चष्मा पुसत बसले. चष्मा स्वच्छच होता. शेजारी बायको कागदाकडे तोंड करून बसली होती, पण तिला त्यातलं अक्षरही दिसत नव्हतं. एका डोळ्याचं ऑपरेशन फसलं होतं. दुसऱ्याचं या महिन्यात झालं नाही, तर तोही जाणार होता. त्यासाठी ठेवलेले पैसे खात्याने वसूल करून नेले. नऊ वर्षं पेन्शन जास्त दिली गेली, रक्कम एकरकमी परत करा, असं पत्र आलं होतं. चूक खात्याची आणि भुर्दंड ह्यांना. ते पत्र तपासनिसांनी बायकोला वाचून दाखवलं होतं, चूक कशामुळे झाली तेवढं गाळून.

"त्या जादा पेन्शनवर तुम्ही दरवर्षी कर भरलाय," सल्लागार म्हणाला. "तो परत मिळेल. ऑपरेशन त्यात आरामात होईल. अट एकच. पैसे घेताना ते आपल्या हक्काचेच आहेत असं तुम्हाला वाटत होतं, हे लिहून द्यायचं."

मग काकूंसाठी त्याने मजकूर मोठ्याने वाचला. "निलंबनाची दोन वर्षे चुकून सेवेत धरली गेली आहेत, याची मला कल्पना नव्हती."

तपासनिसांचा चष्मा पुसणारा हात थांबला. निलंबन हा शब्द त्यांनी घरात कधीच काढला नव्हता. मीटर न बघताच आकडे भरल्याबद्दल त्यांना घरी बसवलं होतं, आणि ते घरी बसले नव्हते. रोज साडेनऊला डबा घेऊन निघत आणि वाचनालयात दिवस काढत. पगार निम्मा का, तर कपात चालू आहे म्हणत. पुढे पेन्शनचा हिशेब हातात पडला, तेव्हा सेवेत धरलेली ही दोन वर्षं त्यांना पहिल्या नजरेतच दिसली. तेव्हाही ते मूग गिळून बसले.

"काकू, तुम्हाला यातलं काही माहीत होतं?"

"ते रोज कामावर जायचे," ती म्हणाली. "डबा मीच द्यायचे."

"झालं तर मग!" सल्लागार दुसरी प्रत काढायला आतल्या खोलीत गेला.

तपासनिसांनी कागद दूर सारला.

"मला माहीत होतं. मी खोटं लिहून देणार नाही. तुझ्याशी खोटं बोललो तेवढं पुरे झालं."

"त्या दोन वर्षांत तुमचे बूट एकदाही चिखलाने भरले नाहीत," ती हळू आवाजात म्हणाली. "खड्ड्यात उतरून मीटर बघणारा माणूस तुम्ही. मला काय कळत नव्हतं?"

त्यांना तिच्याकडे बघवेना.

"मग बोलली का नाहीस?"

"तुमची मान खाली जाऊ नये म्हणून. दोन वर्षं मी तोंड शिवून घेतलं." तिने त्यांच्याकडे तोंड वळवलं. "मला दिसायला हवंय हो. आता तुम्ही माझ्यासाठी एवढं करा."

आतला प्रिंटर थांबला. तपासनिसांनी कागद पुन्हा ओढला आणि सही केली. हात जराही थरथरला नाही, याचंच त्यांना वाईट वाटलं.

मग त्यांनी पेन तिच्या हातात दिलं आणि दुसऱ्या हाताचं बोट धरून साक्षीदाराच्या रेघेवर टेकवलं.