दोन हिरव्या ताऱ्यांचा पेला

मी कॉफीचा पेला बोलतोय. चिनीमातीचा, मुठीत मावेल एवढा. माझ्या अंगावर दोन हिरवे तारे आहेत.

ते दमास्कसच्या एका रंगाऱ्याने काढले, सीरिया आणि इजिप्त एक झाले त्या वर्षी. नव्या झेंड्यावर दोन देशांचे दोन तारे होते. रंगारी कुंचला टेकवायचा आणि स्वतःशीच म्हणायचा, "आज दोन, उद्या जागा पुरायची नाही." त्या आनंदी हाताचा मी अजून ऋणी आहे.

बाजारातून मला हौरान भागातल्या अबू नवाफनी उचललं. गहू पिकवणारा, मोठ्या आवाजाचा माणूस. "सगळे अरब एक!" ही घोषणा चौकात त्यांच्याइतकी कोणी दिली नसेल. त्यांच्या बैठकीत पेला एकच, तो मी. भरायचा, प्यायचा, पुढच्यासाठी परत करायचा. शेख असो की मेंढपाळ, ओठ माझ्याच कडेला लागायचे. मला त्याचा फार अभिमान वाटे.

पुढे पाऊस रुसला आणि कैरोहून हुकूम यायला लागले. कुठे कोण साहेब बसणार, हेसुद्धा तिकडूनच ठरे. "भाऊ म्हणून मिठी मारली, हा तर खांद्यावरच चढून बसला," अबू नवाफ कुरकुरत. चौथं वर्ष सरायच्या आत सीरियाच्या फौजेने रेडिओवरून सांगून टाकलं, एकी संपली. इजिप्तच्या लोकांना परत जावं लागणार होतं.

गावच्या शाळेतले रम्झी मास्तर त्यांतलेच. अबू नवाफच्या मुलीवर, फिद्दावर, त्यांचं मन जडलं होतं आणि तिचंही त्यांच्यावर. निघायच्या आदल्या दिवशी ते गावातल्या थोरांना घेऊन मागणी घालायला आले. बोलणी करायला पुढे होते हाजी मिफलेह.

आमच्याकडे मागणी घेऊन आलेला पाहुणा पेला घेतो, पण न पिता खाली ठेवतो. यजमान 'हो' म्हणाला की मगच तो ओठाला लावायचा. अबू नवाफनी मला भरलं आणि हाजींना सोडून थेट मास्तरांच्या हातात दिलं.

मास्तर नाईलच्या काठचे. त्यांनी डोळे मिटून ती कडू कॉफी एका घोटात संपवली.

हाजींनी कपाळावर हात मारला. "अहो मास्तर, प्यायलात?"

"गार होईल म्हणून..."

"संपलं!" अबू नवाफ म्हणाले. "मागणी त्यानंच सोडून दिली. ज्याला आमची कॉफी पिता येत नाही, त्याला मी मुलगी देऊ?"

पडद्याआडून त्यांच्या बायकोचा आवाज आला. "अहो, मागणी मान्य झाल्याशिवाय आपल्यात कोणी पितं का?"

"नाही पीत."

"हा तर प्यायला. म्हणजे तुम्ही हो म्हणालात! आता जावयाला दुसरी ओता."

आधी हाजी हसले, मग सगळी बैठक. अबू नवाफ मात्र माझ्या ताऱ्यांकडे बघत राहिले. "आपण एक म्हणून चौकात घसा फोडला मी," ते हळूच म्हणाले. "आणि इतकी वर्षं गावात राहिलेल्या या पोराला आमची रीत एकदाही सांगितली नाही."

त्यांनी मला पुन्हा भरलं.

फिद्दाने मला शालीत गुंडाळून इजिप्तला, मन्सूराला आणलं. ते दोन देश काही पुन्हा जुळले नाहीत. देश जोडू पाहणाऱ्यांनो, आधी एकमेकांच्या ओसरीवर निवांत बसा, एवढंच माझं मागणं.

माझा एक तारा आता पुसट झालाय. रम्झी मास्तरांचा अंगठा रोज तिथेच टेकतो. म्हातारे झालेत, पण कॉफी कडूच घेतात आणि पिण्याआधी मला क्षणभर खाली ठेवतात.

"बोला मास्तर, काय मागणं आहे?" फिद्दा विचारते.

"काही नाही. सगळं मिळालंय," असं म्हणून ते मला उचलतात.