अप्पांच्या कैऱ्यांचं मीठ

अप्पांनी घातलेल्या मिठाच्या कैऱ्यांची एकच बरणी उरली होती, तीही निम्मी. अप्पा जानेवारीत गेले. आता एप्रिल लागला होता, अव्वानं, म्हणजे माझ्या आईनं, पाच किलो कैऱ्या आणून पुसून ठेवल्या होत्या, आणि मिठाचं पाणी किती खारं करायचं हे अप्पांनी कुणाला सांगितलं नव्हतं. उदगीरच्या आमच्या घरात ते काम त्यांचंच. आडतीवर तुरीचा दाणा दाताखाली फोडून ओल सांगणारा माणूस, घरी मीठ कशाला मोजेल?

"वर्षभर लोणचं घालू नये म्हणतात ना लोक?" मी म्हणाले.

"लोकात सुतक असतंय. आपल्या लिंगायतात न्हाई. तू मिठाचं सांग, अंबिका. मला तशाच पाहिजेत, त्यांच्यासारख्या."

मलाही तशाच हव्या होत्या.

मी नांदेडला शाळेत विज्ञान शिकवते. शहाळ्याची नळी घेतली, बूड मेणानं बंद केलं, आत सायकलचे दोन बारीक छर्रे सोडले. पाणी जितकं खारट, तितकी नळी वर उचलली जाते. अप्पांच्या बरणीतलं पाणी उंच पेल्यात काढलं, नळी सोडली आणि पाणी जिथवर आलं तिथे पेनानं खूण केली. मग पातेल्यात नवं पाणी घेऊन मूठमूठ खडेमीठ विरघळवत गेले. तासाभरानं नळी बरोबर खुणेवर उभी राहिली. तीन महिन्यांत एकही गोष्ट इतकी नीट जमली नव्हती.

"झालं, अव्वा. हेच अप्पांचं पाणी."

अव्वानं बोट बुडवून चाखलं. "कशाचं त्यांचं? कैऱ्यांनी वर्षभर पाणी सोडलंय त्यात, अन् मीठ पिऊन बसल्यात. हे घातलं तर पोळ्याच्या आत बुरशी धरंल."

तिचं खरं होतं. मी मोजलं ते वर्षाच्या शेवटचं पाणी होतं. मला पहिल्या दिवसाचं हवं होतं.

"मग ते कसं ओळखायचे?"

"बटाटा टाकायचे. वर आला की बास म्हणायचे."

"हे आधी नाही का सांगायचं?"

"तू नळकांडं करून राहिलीस. मला वाटलं, शाळेत काही नवीन निघालं असंल."

मी बटाटा टाकला. तो तळाशी गेला. आणखी मीठ घातलं, तेव्हा हळूहळू सुटून वर आला. "डोकं किती दिसायला हवं?" मी विचारलं.

अव्वानं अंगठा आणि बोट जुळवून रुपयाएवढं गोल केलं. मग जरा थांबून म्हणाली, "तेवढ्यानं लई खारट होतंय पण."

"त्यांचं तर नाही व्हायचं."

"कसं होईल? ते बास म्हणून मोरीत हात धुवायला गेले, की मी दोन तांबे पाणी वतायची."



"दरवर्षी?"

"लग्न झाल्यापासून. बरणी उघडली की ते म्हणायचे, औंदा मीठ कसं नेमकं पडलंय बघ."

"आणि तू?"

"मी म्हणायची, हाव."

आम्ही दोघी हसलो, बऱ्याच दिवसांनी, आवाज करून. मग मी मीठ घालत राहिले. बटाट्यानं रुपयाएवढं डोकं वर काढलं.

"बास," मी म्हणाले.

अव्वानं तांब्या भरून ओट्यावर ठेवला होता. तिनं त्याला हात लावला नाही.

"मग जा की," ती म्हणाली. "हात धुऊन ये."

मी मोरीत गेले, नळ सोडला आणि सावकाश हात धुतले.