टाचेखालची पाचर

माझी थोरली सहा वर्षांची. चालताना अडखळायला लागली तेव्हा बायको म्हणाली, "डॉक्टरांना दाखवू या." मी उडवून लावलं. चपला-बूट शिवण्यात माझी हयात गेली. पाऊल वाकडं का पडतं ते मला कोण शिकवणार? उजव्या टाचेखाली चामड्याची पाचर बसवली, बाहेरची कड जरा उचलली. पोरगी सरळ चालू लागली. दोन महिन्यांनी पुन्हा पडली, मी पाचर जाड केली. घरात घालायलाही तसाच मऊ जोड करून दिला. वर्षभर हेच चाललं आणि मी कॉलर ताठ करून फिरलो.

मग तिचे हात थरथरू लागले. तपासण्या झाल्या, आजाराचं लांबलचक नाव कळलं. मेंदूतल्या नसांवरचं आवरण झिजत जातं म्हणे. पण उपचार होता. तिच्याच शरीरातल्या पेशी काढायच्या, दुरुस्त करायच्या, परत घालायच्या. दुरुस्ती म्हटल्यावर मला हुरूप आला.

"मात्र मूल आधाराशिवाय चालत असेल तरच," डॉक्टरबाई म्हणाल्या. "त्यापुढे गेलं की उपयोग होत नाही. बाळा, बूट काढ आणि दहा पावलं चालून दाखव."

"बूट कशाला काढायचे? बूट घालून पळते ती," मी म्हणालो.

"काढा."

तिसऱ्या पावलाला तिने टेबल धरलं. बाईंनी बूट उचलला, आत बोट घालून पाचर चाचपली.

"हे किती दिवस?"

"वर्ष झालं."

त्यांनी बूट खाली ठेवला आणि केसपेपरवर लिहिलं, उपचारासाठी उशीर झाला. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मग त्यांनी बायकोच्या मांडीवरच्या दोन वर्षांच्या धाकटीकडे पाहिलं आणि आजार आनुवंशिक असतो म्हणून तिचंही रक्त घ्यायला सांगितलं.

पंधरा दिवसांनी पुन्हा बोलावलं. धाकटीलाही तोच आजार आहे. अजून एकही लक्षण नाही, म्हणून तिला उपचार मिळेल. मी सुटकेचा श्वास सोडला, आणि थोरली शेजारीच बसली आहे हे ध्यानात आलं. आजार वेळेत सापडला म्हणून हायसं वाटलेला बाप. मला माझीच शिसारी आली.

बाहेर बाकावर मी थोरलीच्या पायात बूट चढवत होतो.

"बाबा, छोटीच्या बुटात आत्ताच पाचर घाला ना," ती म्हणाली. "म्हणजे तिची तरी दहा पावलं होतील."

मी मान खाली घालून लेस बांधत राहिलो. गाठ काही मला मारता येईना.