हस्तांदोलनाचा कार्यक्रम

आमच्या गल्लीच्या तोंडाशी चष्म्यांचं दुकान आहे. त्याच्या वरच्या मजल्यावर मी राहतो आणि खाली दुकानात बसतो. तिथे बसायला मला चष्म्याचं कारण लागत नाही. चष्मेवाल्याच्या बायकोचा चहा पुरतो.

हा चष्मेवाला एका सकाळी सायकलवरून दुकानाकडे येत असताना वळणावर त्याला एका मोटारीने उडवलं. मोटार थांबली नाही. त्याचं उजवं मनगट मोडलं, अंगठा जागचा हलला. त्याने रीतसर पोलिसांत तक्रार दिली. इथपर्यंत कुणाच्याही बाबतीत घडावं तसंच घडलं. घोटाळा पुढे झाला. पोलिसांनी मोटार शोधून काढली. पोलीस खरोखरच काही शोधून काढतील, अशी कुणाच्याच मनाची तयारी नव्हती. मोटार निघाली देशाच्या फुटबॉल संघाच्या गोलकीपरची.

गोलकीपरवर गुन्हा दाखल झाला आणि शिक्षा चष्मेवाल्याला सुरू झाली. निर्णायक सामना तोंडावर आला होता. गोलकीपरला खेळवायचं की नाही, यावर टीव्हीवर चर्चा झडू लागल्या. आमच्या गल्लीत चर्चा नव्हती, एकमत होतं. चहावाला चष्मेवाल्याला अर्धा कप चहा देऊन पूर्ण कप दिल्यासारखं बघायचा. भाजीवाली मुद्दाम दबलेले टोमॅटो घालायची. शिंपी तर दारात उभा राहून म्हणाला, "हाड काय हो, जुळतं. सामना हरलो तर तो जुळणार आहे का?"

"मी कुठे म्हणतोय हरा म्हणून?" चष्मेवाला म्हणाला.

"तक्रार तर केलीत ना? एकच झालं."

अशा दिवसांत, प्लास्टर निघाल्यावर, एका दुपारी एक बाई दुकानात आल्या. पिकलेले केस, दंडापर्यंत दुमडलेल्या बाह्या. "मी त्या गोलकीपरची आई," त्या म्हणाल्या. "सरकारी इस्पितळात हाता-पायांचे व्यायाम करून घ्यायचे, आता निवृत्त झाले. हात बघू."

त्यांनी माफी मागितली नाही. हात मागितला.

चष्मेवाल्याची बायको काही कमी नव्हती. "लेकाने मोडायचा आणि आईने जोडायचा! घरचाच धंदा दिसतोय."

"बोला वहिनी, बोला. तुमचा हक्कच आहे. फक्त बोलता बोलता गरम पाण्याचं पातेलं आणा."

वहिनींनी बोलणं आणि पातेलं दोन्ही आणलं. त्या दिवसापासून बाई रोज दुपारी यायच्या, एकेक बोट धरून वाकवायच्या, सरळ करायच्या. चष्मेवाला कळवळायचा. केसबद्दल त्यांनी कधी चकार शब्द काढला नाही. मुलाच्या वकिलाला ही कुणकुण लागली तेव्हा त्याने फोनवर आरडाओरडा केला, की आरोपीच्या आईने साक्षीदाराला भेटणं म्हणजे काय ते कळतं का! बाई शांतपणे म्हणाल्या, "मी साक्षीदाराला भेटत नाही. त्याच्या हाताला भेटते."

तिकडे फुटबॉल महासंघात बैठकांवर बैठका चालल्या होत्या. कुठलाही निर्णय न घेता तो घेतल्यासारखा कसा दाखवायचा, या कलेत महासंघाचा हात धरणारा कुणी नव्हता. त्यांनी आधी चष्मेवाल्याला सदिच्छा म्हणून गोलकीपरच्या सहीचे हातमोजे पाठवले. उजवा हात मोडलेल्या माणसाला हातमोजे पाठवावेत, हे एका माणसाला सुचणं शक्य नाही. त्याला समितीच लागते.

आणि मग हस्तांदोलनाचा कार्यक्रम ठरला. गोलकीपर आणि चष्मेवाला यांनी हात मिळवायचे, त्याचा फोटो छापून आणायचा, आणि खाली एक ओळ, 'तक्रारदाराची हरकत नाही'. म्हणजे गोलकीपर खेळायला मोकळा आणि समिती जबाबदारीतून मोकळी.

ठरल्या दुपारी महासंघाचे सेक्रेटरीसाहेब फोटोग्राफर, एक बातमीदार आणि गोलकीपर यांना घेऊन दुकानात शिरले. गोलकीपर दारात वाकून आत आला. टीव्हीवर असतो त्यापेक्षा बराच लहान वाटला, वयाने. तोवर वकिलाने त्याला या गल्लीत पाऊलही टाकू दिलं नव्हतं. आत येऊन बघतो तर काउंटरमागे स्टुलावर आई बसलेली.

"आई? तू इथे कशी?"

"मी रोजच असते. नवीन तू आहेस."

सेक्रेटरीसाहेबांनी घाईघाईने दोघांना भिंतीवरच्या अक्षरांच्या तक्त्यासमोर उभं केलं. "हं, मिळवा हात. हसत हसत."

हात मिळाले. फोटोग्राफर डोळा मिचकावून म्हणाला, "काका, जरा घट्ट धरा की! हात सोडवून घेताय असं वाटतंय."

"एवढाच घट्ट होतो," चष्मेवाला म्हणाला.

गोलकीपरने खाली बघितलं. ज्याचा सगळा जन्म हातांवर उभा आहे, त्याला दुसऱ्याचा हात वाचायला वेळ लागत नाही. त्याने तो हात उलटा केला, सुलटा केला. "अंगठा आत येत नाही?"

"आधी तर अजिबात येत नव्हता. ताईंनी इथवर आणलाय."

"मग चष्म्याचा स्क्रू कसा बसवता?"

"मी नाही बसवत. ही बसवते. मी नुसता सांगतो."

"सांगतो कसला, ओरडतो," वहिनी म्हणाल्या.

गोलकीपरला हसू आलं नाही. तो हात सोडेना. फोटोग्राफरचं काम केव्हाच झालं होतं. सेक्रेटरीसाहेब चष्मेवाल्याकडे वळले. "मग आपली हरकत नाही ना?"

"अजिबात नाही," चष्मेवाला म्हणाला. "खेळू दे त्याला. हवं तर दोन्हीकडच्या गोलांत उभा करा. नाही खेळला आणि आपण हरलो, तर मला गल्ली सोडून जावं लागेल. मी म्हातारपणी कुठे दुकान थाटू?"

हे ऐकून बाईंचा टॉवेलची घडी घालणारा हात थांबला. मुलाकडे बघत राहिल्या. असं बघणं मी माझ्या आईकडून भोगलेलं आहे. त्यापुढे पोलीस परवडले.

"साहेब," गोलकीपर म्हणाला, "मी नाही खेळत."

सेक्रेटरीसाहेब खुर्चीत बसले. खुर्चीवर चष्म्याच्या काचा होत्या, म्हणून लगेच उठले. "अरे, तुझ्यावर गुन्हा सिद्ध झालाय का? उद्या कुणीही उठून कुणावरही केस ठोकेल. मग सगळे खेळाडू घरी आणि मैदानात मी एकटा! कोर्टाचा निकाल लागेपर्यंत माणूस निर्दोष असतो, बाळा. हा कायदा आहे."

"कायदा बरोबर आहे साहेब. कुणावर खोटी केस झाली तर त्याने जरूर खेळावं. कोर्टाला अजून माहीत नाही, म्हणून कोर्ट थांबलंय. पण मला तर माहीत आहे. मोटार मीच चालवत होतो. आरशात सायकल पडलेली दिसली. सरावाला उशीर होत होता, आणि घाबरलो होतो."

त्याच्या वकिलाने हे ऐकलं नाही हे त्याच्या प्रकृतीच्या दृष्टीने बरंच झालं.

सेक्रेटरीसाहेबांनी बातमीदाराकडे पाठ केली. "बरं, मग दुखापत झाली असं जाहीर करू. हाताला."

"दुखापत झालीच आहे हाताला," वहिनी म्हणाल्या. "फक्त तो हात ह्यांचा आहे."

गोलकीपर बातमीदाराकडे वळला. "नीट लिहून घ्या. माझ्यावर केस आहे. ती निकालात निघेपर्यंत मी देशाची जर्सी घालणार नाही. हे मला कुणी सांगितलेलं नाही. काका तर खेळ म्हणत होते. ज्याला शिव्या घालायच्या असतील त्याने मला घालाव्यात."

लोकांनी त्याच्या सूचनेचं तंतोतंत पालन केलं. आपण सामना हरलो. बदली गोलकीपरच्या दोन पायांमधून चेंडू असा गेला, की जणू त्याला कुणी बोलावलं होतं. आमच्या गल्लीने गोलकीपरच्या नावाने बोटं मोडली आणि चष्मेवाल्यावर जगाचं प्रेम उतू गेलं. चहा पूर्ण कप झाला. भाजीवालीने टोमॅटो निवडून दिले. शिंपी म्हणाला, "तुम्ही तर खेळ म्हणाला होतात हो! तोच शहाणा."

अशाच एका दुपारी बाई अंगठा धरून बसल्या होत्या. चष्मेवाला जरा चुळबुळत म्हणाला, "ताई, तुमच्या पोराने माझ्या डोक्यावरचं ओझं स्वतःच्या डोक्यावर घेतलं. एवढं कोण करतं? मला वाटतं, मी आता केस मागे घेतो."

बाईंनी अंगठा असा दाबला की तो ओरडलाच.

"तसं काही करू नका," त्या म्हणाल्या. "मी तुमचे आभार मानायचे ठरवून रोज येते आणि रोज बोलायला होत नाही. तुम्ही तक्रार केलीत, म्हणून. नसती केलीत तर तो तसाच पुढे निघून गेला असता. टाळ्या घेतल्या असत्या, घरी येऊन जेवला असता. मला काही कळलंच नसतं, आणि मीही टाळ्या वाजवल्या असत्या. तुम्ही मला माझा मुलगा परत दिलात. आता अर्ध्यावर सोडू नका."

चष्मेवाल्याने डोळे पुसले. अंगठा दुखला म्हणून, असं तो सांगतो.

केसच्या तारखेला आम्ही सगळे एकाच बसने कोर्टात गेलो. गोलकीपरने मोटार चालवणं सोडलं होतं, आणि आरोपी व साक्षीदाराने वेगवेगळ्या बसने जावं असा काही नियम नव्हता. गर्दीत गोलकीपरने काकांचा उजवा हात जपून आपल्या बाजूला घेतला होता, कुणाचा धक्का लागू नये म्हणून.

चष्मेवाला साक्षीला उभा राहिला. आरोपीच्या वकिलाने गोड आवाजात विचारलं, "आरोपीशी तुमचे संबंध कसे आहेत?"

"चांगले आहेत. घरच्यासारखे."

वकिलाचा चेहरा उजळला. "म्हणजे तुमचा काही राग नाही?"

"नाही."

"मग मोटार याचीच होती, असं काही तुम्ही छातीठोकपणे सांगणार नाही?"

"याचीच होती," चष्मेवाला म्हणाला. "मला उडवलं, आणि थांबली नाही."

मागे आरोपी मान डोलावत होता. वकील मागे वळून डोळ्यांनी त्याला विनवत होता, की बाबा, निदान मान तरी हलवू नकोस. आरोपीच्या आईने पिंजऱ्यातल्या साक्षीदाराकडे बघून दोन्ही हात जोडले. ते बघून कोर्टाचा शिपाई लगबगीने आला आणि त्यांच्या कानाशी कुजबुजला, "बाई, इथे नमस्कार न्यायाधीशसाहेबांना करायचा असतो."

"ज्यांना करायचा त्यांनाच केलाय," त्या म्हणाल्या.