भिमाजीची झारी

या, असे जवळ सरका. नामस्मरण झालंच आहे, तर लढाईच्या दिवसांतली एक गोष्ट सांगतो. कान मात्र उघडे ठेवा.

भर दुपारी काष्टीहून नगरला निघालेली सर्व्हिस मोटार चढाला लागली, आणि इंजिनातून टाळ वाजू लागला.

मागच्या बाकावर मनकर्णा कळा देत होती. बाळ आडवं आलेलं. सुईणीनं हात टेकले होते. मोटार हाकणारा कानिफनाथ तिचा सख्खा भाऊ. तिच्या उशाशी सासू, रंगुबाई; दुसरं उतारू नव्हतं.

"कानिफा, टाळ वाजतूय न्हवं?"

"व्हय, आत्या."

"भिमाजीच हाय. मेल्यावर बी मोटार सोडवंना मुडद्याला."

भिमाजी या मोटारीचा मिस्त्री, आणि भजनातला टाळकरी. नुकताच तापानं गेला. रोज सकाळी तेल मोजायची पट्टी काढून बघायची, कमी असेल तेवढं झारीनं घालायचं, इंजिन सुरू करून नामाचा एक गजर पुरा म्हणायचा, मगच मोटार हलवायची, हा त्याचा नेम. "तेल रॉडच्या बेअरिंगपातुर पोचू दे रं," म्हणायचा. "कोरडं फिरलं की बेअरिंग झिजतं, अन् रॉड इंजिन फोडून भाईर येतो."

त्याला कुणी नव्हतं. कानिफनाथनंच अग्नी दिला, सुतकही तोच पाळत होता. झारी कुंकू लावून, फडक्यात बांधून सीटखाली ठेवली होती; तेराव्यापर्यंत तिला कुणी शिवायचं नाही. झारीला कुणी शिवलं नाही, आणि तेलाची पट्टीही कुणी काढली नाही.

चढ वाढला तसा टाळ वाढला. मनकर्णानं पडल्या पडल्या हात जोडले. कानिफनाथचे डोळे भरून आले. पण जरा पुढं गेल्यावर त्याच्या अंगावर काटा उभा राहिला. टाळ समेवर पडत नव्हता. पाय दाबला की धावायचा, सोडला की रेंगाळायचा. भिमाजीनं जन्मात कधी ताल सोडला नव्हता.

त्यानं मोटार कडेला घेऊन इंजिन बंद केलं.

"थांबू नगं, दादा," मनकर्णा कण्हली. "मी जगत न्हाई."

इंजिन बंद होतं, तरी टाळ वाजत होता. संथ, अगदी तालात. माळावर चिटपाखरू नव्हतं. रंगुबाईनं सीटखाली बोट दाखवलं आणि पदर तोंडात कोंबला.

कानिफनाथनं झारीचं फडकं सोडलं. टाळ थांबला.

"सुतक फिटलं न्हाई, कानिफा. पाप लागंल."

"लागू द्या. मेलेल्याचं मागनं बघू, आत्या. जित्याचं आदी."

त्यानं बॉनेट उघडून पट्टी काढली. टोकाला तेवढं तेल होतं, आणि त्यात बारीक रुपेरी कीस चमकत होता: बेअरिंगचा. त्यानं झारी इंजिनात रिकामी केली, इंजिन सुरू केलं आणि जागीच गजर धरला. रंगुबाईनं साथ दिली, कळांतून मनकर्णानंही. म्हणणारी तिघं होती. आवाज चार ऐकू येत होते. गजर पुरा झाल्यावरच त्यानं गिअर टाकला, तोही खालचा, आणि इंजिनाला जराही न दामटता चढ काढला.

नगरच्या दवाखान्यात मनकर्णा सुटली. मुलगी झाली. रंगुबाई सांगायला बाहेर आली, तर कानिफनाथ बॉनेटवर तळहात ठेवून उभा. इंजिन निवत होतं. पार गार होईपर्यंत त्यानं हात काढला नाही.

भिमाजीचं श्राद्ध घालणारं आज कुणी नाही. तुम्ही मोटारीत बसाल तेव्हा आधी तेल बघा, आणि त्या टाळकऱ्याची एकदा आठवण काढा, एवढंच मागणं.