ओ दिली म्हणून

डोळ्यांत पाणी आलं म्हणजे सिनेमा चांगला, असं कुणी म्हणालं की माझं डोकंच फिरतं. पाणी काय, ठसका लागला तरी येतं! उभा जन्म सिनेमांची परीक्षणं लिहिण्यात गेला माझा. हुंदक्यांना भुलून एकाही दिग्दर्शकाला मी मोकळं सोडलं नाही. बायको हसायची. म्हणायची, "अहो, रडा की जरा, त्याला काय पैसे पडतात?" ती गेल्याला आता दुसरं वर्ष लागलं.

तर परवा मुलाच्या पहिल्यावहिल्या सिनेमाचा खास खेळ होता. त्यानं बजावलं होतं, "बाबा, वडील म्हणून नका येऊ, समीक्षक म्हणून या. तुम्ही चांगला म्हणालात तरच मी मानणार." आली का पंचाईत! एकुलता एक पोरगा. कधीमधी फोन करतो, तोही चालता चालता. खरं बोलून त्याला दुखावलं, तर मला उरतं कोण?

आणि सिनेमा निघाला रडका. बासरी तर अशी मानगुटीवर बसलेली की विचारू नका. नायिका एकदा खरीखुरी मरते, एकदा स्वप्नात. मी मनातल्या मनात चुका टिपत होतो. शेवटाकडे म्हातारा नायक रिकाम्या घरात पेपर वाचत बसतो. बासरी एकदाची थांबते आणि आतल्या खोलीतून हाक येते, "अहो, ऐकलंत का?"

"ओ, आलो!" मी म्हणालो. चांगलं मोठ्यानं. खुर्चीतून उठलोसुद्धा.

सगळे वळून बघायला लागले. कुणीतरी फिसकन हसलं. मी खाली बसलो आणि मग जे रडू फुटलं, ते दिवे लागेपर्यंत थांबेना. लाज गेली पार.

बाहेर जिन्यापाशी मुलगा धावतच आला. चेहरा नुसता फुललेला. "बाबा, तुम्ही ओ दिलीत! याहून मोठी पावती कुठली? चांगला झालाय ना?"

'हो' म्हणायला माझं काय जात होतं? पण जीभच रेटेना.

"लेका, सिनेमा फसलाय," मी म्हणालो. "बासरी काढ. ते स्वप्न काढ. आणि माझ्या ओ देण्यावर जाऊ नकोस. त्या दिवशी शेजारणीनं तिच्या नवऱ्याला हाक मारली, तर मी चष्मा सावरत दारापर्यंत गेलो. म्हणून काय तिला बक्षीस द्यायचं?"

मला वाटलं, हा हसेल, नाहीतर चिडेल. त्यानं विचारलं भलतंच.

"कधीपासून होतंय असं?"

"आई गेल्यापासून."

"मग बोलला नाहीत ते?"

"तू विचारलंस कधी? आज सिनेमाचं विचारलंस, म्हणून विषय निघाला."

खालून त्याचे मित्र हाका मारत होते. तो गेला नाही. माझा दंड धरून एकेक पायरी उतरवत राहिला. सिनेमाबद्दल त्यानं अवाक्षर काढलं नाही. मला मात्र फार वाटत होतं, त्यानं काढावं. सिनेमावर मी घरापर्यंत बोललो असतो. बाकीचं जे काही बोलायचं असतं, ते आमच्यात तीच बोलायची.